टपावरच्या तंबूचे तीनशे किलो आणि मॅन्युअलमधले पंचाहत्तर

मा. संपादक,

गाडीच्या टपावर लावायचा तंबू घ्यायला गेले की दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘‘तीनशे किलो पेलतो साहेब, बिनधास्त झोपा.’’ वाक्य खोटे नसते. पण तो आकडा तंबूच्या तळफळीचा असतो, तोही गाडी हँडब्रेक ओढून उभी असतानाचा. ताम्हिणीच्या वळणावर, माळशेजच्या खड्ड्यात किंवा गावोगावच्या गतिरोधकांवर त्या तीनशेचा काडीचा उपयोग नाही. तिथे लागू होतो तो आकडा वेगळा, बहुतेक गाड्यांत १०० किलोंच्या आतलाच. तो छापलेला असतो ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पडून राहिलेल्या मॅन्युअलमध्ये. पर्यटन पुरवण्यांत अशा तंबूंचे फोटो हल्ली वरचेवर येतात, पण हा आकडा कुठे दिसत नाही, म्हणून हे पत्र.

गाडी चालू असताना टपावर जास्तीत जास्त किती वजन असावे, ही डायनॅमिक मर्यादा. मॅन्युअलच्या शेवटी वजन-मापांचा तक्ता असतो, तिथे नाही सापडली तर सामान लादण्याच्या प्रकरणात ‘रूफ लोड’ किंवा ‘रूफ रॅक’ या नावाखाली शोधावी. गाडी उभी असताना तंबू, अंथरूण आणि आत झोपलेली माणसे मिळून किती चालेल, ही स्टॅटिक मर्यादा. हा दुसरा आकडा फार थोड्या कंपन्या देतात. लँड रोव्हर डिफेंडरसाठी देते : चालताना १६८ किलो, उभी असताना ३००. बाकी गाड्यांसाठी ‘डायनॅमिकच्या तिप्पट-चौपट धरा’ असे जे सांगितले जाते तो बाजारातला अंदाज आहे. अंदाज म्हणून तो अगदीच वाईट नाही, पण त्याखाली गाडीच्या कंपनीची सही नसते.

डायनॅमिक मर्यादेत गाडीगाडीत किती फरक पडतो पाहा. स्कोडा कोडियाकची मर्यादा ७५ किलो, तीही रॅक धरून. सुझुकीच्या तीन दारी जिम्नीच्या परदेशी मॅन्युअलमध्ये ती अवघी ३० किलो आहे. दोघांचा साधा कापडी तंबूच ४५ ते ६० किलो भरतो, कडक कवचाचा किंवा चौघांचा असेल तर ७० ते ९०. म्हणजे जिम्नीच्या टपावर तंबू उलगडून सूर्योदय पाहणाऱ्यांचे जे देखणे फोटो इंटरनेटवर फिरतात, त्यातल्या बहुतेक गाड्या घरून निघतानाच मर्यादा ओलांडून निघालेल्या असतात.

यावर एक हुकमी प्रश्न येतो. गाडी उलटली तर टपाने सगळ्या गाडीचे ओझे झेलायचे असते ना? मग ७५ किलोंनी त्याला काय होणार? अमेरिकेतल्या छताच्या मजबुतीच्या नियमानुसार २,७२२ किलोंपर्यंत एकूण वजनाच्या गाडीच्या छताला तिच्या रिकाम्या वजनाच्या तिप्पट दाब सोसावा लागतो, हे खरेच आहे. पण त्या चाचणीत पोलादी पाटा छताच्या कडेवर दाबतात आणि तो १२७ मिलिमीटर आत जाईपर्यंत छताने तग धरायचा असतो. ही ताकद खांबांची आणि कडेच्या तुळयांची, आणि एकदाच वापरायची. त्यानंतर गाडी भंगारात. रूफ लोडचा आकडा ठरवताना प्रश्न निराळे असतात : वळणावर गाडी हाताला कशी लागेल, अचानक ब्रेक दाबला तर वरचे ओझे जागेवर राहील का, हजारो किलोमीटर हादरे खाऊन बोल्ट आणि पकडी थकतील का. मधला पत्रा तर जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो, त्याचा या हिशेबात काही संबंध नाही. तंबूचा भार बारमार्फत, म्हणजे तंबूखालच्या आडव्या दांड्यांमार्फत, कडेच्या तुळईवरच उतरला पाहिजे.

दुसरा हुकमी युक्तिवाद वऱ्हाडाच्या जीपचा. टपावर आठ-दहा जण आणि वर रुखवताच्या ट्रंका घेऊन जीप घाट चढायची, कुठे काय झाले? काय काय झाले, ते जुन्या पोलीस पाटलांना विचारावे. शिवाय त्या जीपला शिडीसारखी चॅसी होती, टपाला दोन्ही कडांनी जाड पन्हळ होती, लोखंडी कॅरिअर त्या पन्हळीला सहा-आठ ठिकाणी आवळलेला असे, आणि वेग ताशी चाळीसच्या पुढे क्वचित जाई. आजची बहुतेक एसयूव्ही म्हणजे मोठी केलेली कारच. तिची बॉडी हीच चॅसी, बारला पकडायला चारच जागा आणि काटा सहज शंभरावर.

आता वजनाने नेमके काय बिघडते ते आकड्यांत पाहू. गाडी १,५०० किलोंची, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १५५ सेंटिमीटर, असे धरू. टपावर, म्हणजे सुमारे १८५ सेंटिमीटर उंचीवर, ७५ किलो ठेवले की गुरुत्वमध्य जवळपास ७१ सेंटिमीटरवर जातो. वजन वाढले पाच टक्के, गुरुत्वमध्याची उंची वाढली नऊ टक्के. चाकांच्या अंतराचे निम्मे भागिले गुरुत्वमध्याची उंची हे उलटण्याला विरोध मोजायचे ढोबळ माप आहे. ते १.१९ वरून १.१० च्या खाली येते. सरळ रस्त्यावर जाणवणार नाही. वरंधा घाटात समोरून ट्रक आला आणि स्टिअरिंग झटक्यात डावीकडे-उजवीकडे करावे लागले की जाणवेल, कारण गाडी एका बाजूला कलून सावरते न सावरते तोच तिला उलट बाजूला झोकावे लागते. हेच ७५ च्या जागी १३० किलो असतील तर काय होईल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

ब्रेकचेही तसेच. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की टपावरचे ७५ किलो साधारण ६० किलोंच्या ओढीने पुढे निघू पाहतात. ती ओढ चार पकडींनी धरून ठेवायची. खड्ड्यात चाक आदळले की वरचे ओझे क्षणभर दुप्पट-तिप्पट जड होते. काही रॅक कंपन्या म्हणूनच कच्च्या रस्त्यासाठी मर्यादेला दीडने भागायला सांगतात. डांबरीवर ७५ चालत असतील तर धरणाकाठच्या पांदणीत ५०. आणि टपावर तंबू नेणाऱ्याला शेवटचे चार किलोमीटर पांदणीनेच जायचे असते!

वाऱ्याचा जोर बहुतेकांच्या हिशेबातच नसतो. मिटलेला तंबू समोरून १२० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच धरला तर ताशी ८० ला वारा त्याला साधारण ११ किलोंच्या जोराने मागे ढकलतो, १०० ला १७ किलोंच्या. त्यात समोरून ताशी ३० चा वारा असेल तर तो जोर २८ किलोंवर जातो. ही ढकल तासन् तास चालते आणि तिच्यासोबत थरथर असते. बोल्ट सैल होतात ते मुख्यतः या थरथरीने. पुढची कड उचलली गेली असेल किंवा कव्हरची चेन अर्धवट लागली असेल तर हवा आत शिरून कव्हर फुगते आणि मग वरचा एकेक हिशेब कोलमडतो.

तंबूचे वजन छापील कागदावरून घेऊ नये. तिथे बहुधा नुसता तंबू असतो. शिडी, गादी, पावसाचे वरचे कापड, प्रवासाचे कव्हर आणि खालच्या पट्ट्या धरलेल्या असतीलच असे नाही. भुईकाटा या कामाचा नाही, त्यावर पाच-दहा किलो इकडेतिकडे होतात. भंगारवाल्याकडे किंवा घाऊक किराणा दुकानात शंभर-दीडशे किलोंचा इलेक्ट्रॉनिक काटा असतो, त्यावर सगळे एकत्र ठेवून वजन करावे. उदाहरणार्थ, कागदावर ५२ किलोंचा तंबू शिडी-कव्हरसकट ६१ भरला. दोन क्रॉसबार ६ किलो, पट्ट्या व बोल्ट २ किलो. झाले ६९. गाडीची मर्यादा ७५ असेल तर उरले ६ : मिटलेल्या तंबूत दोन स्लीपिंग बॅगा आणि उशा राहतील, पण बाजूची बारा किलोंची कापडी पडवी लावली की मर्यादा ओलांडली. पावसात भिजलेला जाड कापडी तंबू तसाच मिटून परत आणला तर त्यातल्या पाण्याचेही वजन धरावे लागते. बारवर स्वतःची मर्यादा छापलेली असते, तीही बघावी. गाडीची ७५ आणि बारची १०० असेल तर मर्यादा ७५. गाडीची १०० आणि बारची ७५ असेल तरीही ७५च.

इथे स्थानिक फॅब्रिकेटरकडून लोखंडी कॅरिअर करून घेणारे सर्वांत जास्त फसतात. २५ मिलिमीटर चौकोनी, २ मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला सुमारे १.४४ किलो भरतो. १.९ बाय १.२ मीटरचा कॅरिअर घ्या : वर-खाली दोन चौकटींना साडेबारा मीटर, मधल्या पाच आडव्यांना सहा, पायांना एक-दीड. वीस मीटर पाइप म्हणजे जवळपास २९ किलो. वर जाळी ठोकली, पुढे एलईडी बार लावला की पस्तिशी गाठली. ७५ च्या मर्यादेत मग तंबूला उरतात ४०. कॅरिअर ‘एकदम हेवी’ झाला म्हणून मालक खूश असतो आणि त्या हेवीपणानेच तंबूची जागा खाल्लेली असते.

तो कॅरिअर टपाला वेल्ड करून घेणे किंवा पत्र्याला भोके पाडणे तर सर्वस्वी टाळावे. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत कर्टन एअरबॅग दाराच्या वर, टपाच्या कडेच्या पोकळीत गुंडाळून ठेवलेल्या असतात. ड्रिल तिथेच शिरते. एअरबॅगला किंवा तिच्या वायरला इजा झाली तर गाडी उलटेपर्यंत कळणारही नाही. भोकातून पाणी झिरपते ते वेगळे : आधी आतल्या छताच्या कापडावर चहाच्या डागासारखा पिवळट डाग दिसतो, तोवर पत्रा आतून गंजू लागलेला असतो.

बार पकडायचे कशाला, हे टपावर अवलंबून आहे. टपापासून उचललेली रेल, टपाला चिकटून बसलेली रेल, झाकणाखाली लपवलेले कारखान्याचेच बोल्टचे बिंदू, नुसते दाराच्या चौकटीला चिमटे, किंवा ओम्नी-जिप्सीसारखी पन्हळ. यातली दाराच्या चौकटीची पकड तंबूसाठी सर्वांत डावी, कारण चिमटा जरा जास्त आवळला तर चौकटीला पोचा येतो आणि कमी आवळला तर सरकतो. पण सगळ्यात मोठी फसगत आहे ती शोभेच्या रेलची. आपल्याकडच्या कित्येक लहान गाड्यांच्या टपावर दिसणाऱ्या चंदेरी रेल नुसत्या चिकटवलेल्या किंवा क्लिपांवर बसवलेल्या असतात. मॅन्युअलमध्ये ‘यावर सामान लादू नये’ असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. रेल हाताला घट्ट लागते म्हणून ती खरी, असे नव्हे. मॅन्युअलमध्ये रूफ लोडचा आकडाच नसेल तर तो शून्य समजावा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर मागावे. सेल्समनच्या तोंडी उत्तराला अर्थ नाही. मोठे सनरूफ असेल तर त्यासाठी वेगळी सूचना असते का तेही बघावे, आणि तंबू वर असताना सनरूफ उघडायचे बटण दाबू नये. पोरेटोरे ते दाबतातच.

कापडी टपाच्या किंवा काढता येणाऱ्या प्लॅस्टिकच्या टपाच्या गाडीवर थेट तंबू बसत नाही. त्यासाठी भार बॉडीच्या पोलादावर उतरवणारी बाहेरची चौकट लागते, आणि तिचे वजन वर मांडलेल्या हिशेबातच जाते.

बसवताना दोन बारांमधले अंतर तंबूच्या पत्रकात दिलेल्या किमान अंतरापेक्षा कमी नसावे. फार जवळ बार म्हणजे तंबू पुढे-मागे डोलणार. पकडी टॉर्क पान्यानेच (किती जोराने आवळले ते दाखवणारा पाना), पत्रकातल्या आकड्यापर्यंत आणि आळीपाळीने आवळाव्यात. एकच कोपरा आधी पूर्ण आवळून टाकू नये. तंबूच्या पट्ट्यांना नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेले, सहज सैल न होणारे) वापरावेत आणि खोललेला नट पुन्हा न लावता नवा घ्यावा, नटाला पाच-दहा रुपये पडतात. आवळून झाले की नट आणि पट्टी यांच्यावरून नेलपॉलिशची एक बारीक सरळ रेघ ओढावी. पहिल्या ५० किलोमीटरनंतर आणि पुढे दर मुक्कामी ती बघायची. रेघ तुटून दोन भाग सरकलेले दिसले की नट फिरला. याहून स्वस्त तपासणी नाही. पकडीखालचा रंग घासला जात असेल, बारच्या खाचेचे ओठ उघडले असतील किंवा पूर्वी नसलेली शिट्टी ऐकू येऊ लागली असेल, तर तिथेच थांबून बघावे, घरी पोचल्यावर नव्हे. डिकीचे दार पूर्ण उघडून तंबूला लागत नाही ना, ते मात्र बोल्ट आवळायच्या आधी पाहावे.

उभ्या गाडीवर दोन मोठ्या माणसांचे १४० किलो, तंबूचे ६०-७० आणि अंथरूण धरले तर सव्वादोनशेच्या आसपास भार येतो. पण उलगडून बाहेर येणाऱ्या तंबूत यातला बराच भाग शिडी पेलते. अर्धी फळी गाडीबाहेर असते आणि शिडी हा तिचा पाय असतो. म्हणून शिडीकडे नुसती चढायची सोय म्हणून बघू नये. मऊ मातीत तिच्या पायांखाली प्लायवूडचा तुकडा द्यावा, प्रत्येक टप्प्याची खिट्टी भोकात पूर्ण बसली आहे ना ते हाताने चाचपावे. शिडी आखूड पडली तर बाहेरची फळी खाली झुकते, लांब पडली तर वर उचलली जाते. दोन्हीत बिजागरीवर ताण येतो. माणसे चढली की स्प्रिंग दबून गाडी जरा खाली बसते, तेव्हा शिडी एकदा पुन्हा जुळवावी. गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये आणि चाकांना दगड लावून.

टपाची मर्यादा पाळूनही गाडी ओव्हरलोड असू शकते. एकूण अनुज्ञेय वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन यांतला फरक ४५० किलो असेल तर चौघांचे २८०, सामान-शेगडी ७०, पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन ४० आणि टपावरचे ६९ मिळून होतात ४५९. नऊ किलो जादा. टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरवर ‘पूर्ण भार’ या रकान्यात दिलेली असते, तेवढी भरावी.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही आहे. टप कापणे, त्यावर वेल्डिंग करणे हे उघडउघड या वाटेने जाते. कारखान्याच्या बिंदूंवर बोल्टने बसणारा आणि काढता येणारा रॅक त्यातल्या त्यात बरा, तरी विमा कंपनीला लेखी कळवून पोच घ्यावी. अपघातानंतर सर्व्हेअर मॅन्युअलमधलाच आकडा काढून विचारू शकतो.

उंचीही वाढते. १७० सेंटिमीटरची गाडी बार आणि तंबूसकट दोन मीटर दहाला जाते, आणि मॉलच्या तळघराच्या तोंडाशी लटकणारी आडवी नळी बहुधा तेवढ्यावरच असते. सोसायटीच्या स्टॅक पार्किंगमध्ये (एकावर एक गाड्या ठेवायच्या सोयीत) तर उंची आणि वजन दोन्हीची मर्यादा असते.

गाडीची मर्यादा ५० किंवा त्याहून कमी असेल तर टपाच्या तंबूचा नादच सोडावा. जमिनीवरचा दोघांचा तंबू तीन-चार किलोंचा असतो, खाली ताडपत्री आणि चांगली मॅट घातली की झोप तितकीच लागते. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारखा पिकअप असेल तर तंबू टपाऐवजी मागच्या हौद्यावर चौकट करून ठेवावा. भार चॅसीवर जातो, तंबू टपापेक्षा खाली बसतो आणि टपाच्या मर्यादेचा प्रश्नच उरत नाही.

शेवटी दोन विनंत्या. तंबू विकणाऱ्यांनी शिडी, गादी आणि कव्हर धरून भरलेले वजन खोक्यावर छापावे, आणि ‘३०० किलो’ लिहिताना त्यापुढे ‘गाडी उभी असताना’ हे शब्दही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहावेत. आणि आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी टपावरच्या तंबूचा फोटो येईल तेव्हा ओळीत ठिकाणाच्या नावासोबत त्या गाडीची डायनॅमिक मर्यादा आणि तंबू-रॅकचे एकत्र वजन द्यावे. दोन आकडे, एका ओळीत मावतात.

— टपाचे रॅक आणि तंबू बसवणारे काही जण, पुणे